रॉड कुणाच्या हातात द्यायचा

मी वेल्डर आहे. त्यातही आयबीआर वेल्डर, म्हणजे बॉयलर आणि वाफेच्या दाबाखालच्या पाइपांना जोड मारायची परवानगी असलेली. हे कळलं की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग हमखास विचारतात, "जड नाही का हो जात?" भरलेल्या कळशीपेक्षा होल्डर, म्हणजे रॉड धरायचा चिमटा, कितीतरी हलका असतो, आणि कळशी उचलताना आजवर मला हा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

जड जातं ते वेगळंच. वेल्डिंग पुस्तक वाचून येत नाही. हात बसायला रॉड, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या सळया, जाळावे लागतात, तेही किलोंनी. रॉड कंपनीचे, मशीन कंपनीचं, वीज कंपनीची, आणि ते कुणाला जाळू द्यायचे हे सुपरवायझरच्या मनावर. बाईला कामावर घ्यायला हल्ली बरेच जण तयार होतात. रॉड द्यायची वेळ आली की तिला रजिस्टर लिहायला बसवतात.

आमच्या घरात हे आधीच घडून गेलं होतं. आई बांधकामावर बिगारी होती. घमेली वाहून वाहून मालाचं प्रमाण तिला गवंड्याइतकंच पाठ झालेलं. नुसतं फावडं मारून ती सांगायची की पाणी जास्त झालंय. पण थापी तिच्या हातात कुणी दिली नाही. बिगारी म्हणून लागलेला पोरगा दोन-तीन वर्षांत ओळंबा धरायला शिकतो, मग एखादा थर लावून बघतो आणि गवंडी होतो. बाई बिगारी म्हणून लागते आणि गुडघे जाईपर्यंत बिगारीच राहते. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. तरी साइटवर गड्याची हजेरी वेगळी आणि बाईची वेगळी, आणि ते कुणी लपवतही नाही.

आयटीआयचा फॉर्म मी भरला तो २०१४ साली. जागांपैकी ३० टक्के मुलींसाठी राखीव असतात, त्यामुळे प्रवेश मिळणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते विकल्पांत वेल्डर लिहिणं. फॉर्म भरून देणारा म्हणाला, "ताई, शिवणकामाचं टाका की, नायतर कॉम्प्युटर. वेल्डर कशाला?" मी म्हटलं, एक वर्षात संपतो म्हणून. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, आणि आमच्या घरी दोन वर्षं थांबायची ऐपत नव्हती. वेल्डरला आठवी पास चालत असल्यामुळे तो 'ढ' पोरांचा ट्रेड समजतात. आज बॉयलरवर त्याच ट्रेडच्या माणसाची वाट बघत इंजिनिअर उभे असतात, ते सोडा.

पहिला धडा कपड्यांचा. ओढणी बंद, बांगड्या बंद, पॉलिस्टर तर अजिबात नाही, कारण ठिणगी पडली की ते जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. भावाचा जुना सुती शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला, केस टोपीत कोंबले. हातमोजे मात्र एकाच मापाचे, पुरुषी. बोटांची टोकं रिकामी लोंबायची. सेफ्टी शूज माझ्या मापाचे कोल्हापुरात मिळेनात. दोन मोजे चढवून मोठे बूट वापरले. लग्न झाल्यावर मंगळसूत्राचाही प्रश्न आला. गळ्यात धातू घालून आर्कजवळ, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीजवळ, वाकायचं नाही हा नियम सासूबाईंना पटवायला थोडा वेळ लागला. मग त्यांनीच ते डब्यात ठेवायला एक छोटी पिशवी शिवून दिली.

आधी फायलिंग, मग गॅस, मग आर्क. रॉड प्लेटला चिकटतो, सगळ्यांचाच चिकटतो. तो सोडवायला शिकलात की मग अंतर धरायला शिकायचं, मग चाल. आमचे निदेशक शांत माणूस. पोरगी आहे म्हणून सवलत नाही आणि टोमणाही नाही. पण रॉड मोजून यायचे. मशीन कमी, पोरं जास्त. धक्काबुक्कीत पोरं पुढं. पोरांची एक सवय मात्र माझ्या कामी आली. अर्धा रॉड जळला की ते फेकून नवा लावायचे. जमिनीवर थोटकांचा खच. मी ती थोटकं गोळा करून डबाभर साठवायची आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असलं की जाळायची. थोटकावर काम केलं की हात आर्कच्या फार जवळ येतो, धग लागते, पण अंतर अगदी कमी ठेवायची सवय लागते. निदेशकांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खोलीची किल्ली माझ्याकडे.

डोळ्यांना वेल्डिंग लागणं वगैरे सगळं झालं. रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं, आई बटाट्याचे काप ठेवायची. त्याचं फार कौतुक नको, या धंद्यात ते सगळ्यांना एकदा होतंच.

अप्रेंटिस म्हणून पुण्याकडे एका मोठ्या कारखान्यात लागले. नाव सांगत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर नेमणूक, विद्यावेतन, ओळखपत्र, सगळं होतं. पहिले काही महिने मी स्टोअरमध्ये रॉडची नोंद ठेवली. ओव्हनमधून ७०१८ नंबरचे रॉड काढायचे, कुणाला किती दिले ते लिहायचं, उरलेले परत घ्यायचे. ७०१८ ला दमट हवा चालत नाही. साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून मग गरम डब्यात ठेवावे लागतात, नाहीतर जोडात हायड्रोजन जातो आणि थंड झाल्यावर भेग पडते. हे ज्ञान उपयोगाचं होतं, नाही असं नाही. पण माझ्याबरोबरचे पोरगे तेवढ्यात प्लेटवरून पाइपवर गेले होते. मी विचारलं तर सुपरवायझर म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे हो." मग ग्राइंडिंग मिळालं, मग टॅक. टॅक म्हणजे दोन तुकडे जागेवर धरायला मारलेला टिपका. पूर्ण जोड दुसराच मारणार.

खरा सराव होतो तो दुसऱ्या पाळीत. साहेब गेलेले, मशीन मोकळी, जुने वेल्डर मजेत असतात आणि शिकणाऱ्याला भंगारातला पाइप देतात. मी संध्याकाळी ७ च्या आत गेटबाहेर. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ६६ तसं सांगत होतं, बाईनं सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच काम करावं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं दुरुस्ती करून सुरक्षेच्या आणि वाहतुकीच्या अटींवर रात्रपाळीची वाट मोकळी केली. पण एका बाईसाठी गाडी, एका बाईसाठी पहारा, हे कोण करणार? स्वच्छतागृहाचंही तेच. कायद्यात वेगळं असलंच पाहिजे असं आहे, आणि होतंही, ऑफिसच्या इमारतीत, शॉपपासून इतकं लांब की जाऊन येईपर्यंत जॉब थंड व्हायचा. त्यामुळे मी पाणीच कमी प्यायची. उन्हाळ्यात, चामड्याचं एप्रन घालून. त्याचा व्हायचा तो त्रास झाला.

याच काळात मोठ्या कंपन्यांत मुलींच्या भरतीच्या बातम्या येऊ लागल्या. पुण्यात टाटा मोटर्स, चाकणला बजाज ऑटो यांनी नंतर मुलींच्या लाइन उभ्या केल्या. किर्लोस्कर ब्रदर्सचा कोइमतूरजवळचा पंपांचा कारखाना तर पूर्ण बायकाच चालवतात. मला याचं एका बाजूनं बरं वाटतं. संख्येनं आल्या की बस येते, वसतिगृह येतं, स्वच्छतागृह शॉपमध्ये येतं. एकटी बाई ही कंपनीला अडचण वाटते, पन्नास जणी आल्या की तीच व्यवस्था होते. पण लाइनवरचं काम आणि ट्रेड यात फरक आहे. लाइनवर ठरलेला बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळायचा. ते शिकायला थोडे दिवस पुरतात, आणि तेवढ्यामुळे माणूस बदलायलाही थोडे दिवस पुरतात. ट्रेड हातात असला की माणूस बदलणं महाग पडतं. कंपनीनं मुलींना घेतलं याच्या बातम्या येतात तेव्हा मी एवढंच बघते, मेंटेनन्समध्ये किती, टूलरूममध्ये किती, वेल्डिंगला किती.

अप्रेंटिसशिप संपली, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं आणि मी कोल्हापूरला परत आले. शिरोली एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये लागले. शॉप लहान, पत्र्याचं, पण काम पाइपचं. तिथले मेस्त्री साठीच्या आसपासचे, तंबाखू मळत बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं प्रमाणपत्र बघितलंच नाही. पाइपचा तुकडा फेकला आणि म्हणाले, "मार बघू." मारला. त्यांनी उलटून आतून बोट फिरवलं. "वरनं बरं हाय. आतनं न्हाई. रोज दोन बेव्हल घासून दे मला, मग तुकडं तुझं." बेव्हल म्हणजे पाइपच्या तोंडाला उतार काढणं, ग्राइंडरवर, हात भरून येईपर्यंत. सौदा मला पटला. इतकी वर्षं फुकट घासत होते, आता त्या बदल्यात पाइप मिळत होता.

आर्गन, म्हणजे आर्गन वायूच्या आवरणात जोड मारायची पद्धत, त्यांनीच शिकवलं. टिग म्हणायचे नाहीत, आर्गनच. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात फिलर वायर. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळईचं टोक लांबीच्या दिशेनं घासायचं, आडवं नाही, नाहीतर आर्क भटकतो. दोन पाइपांत साधारण अडीच-तीन मिलिमीटरची फट. कडा वितळून तिथं बारीक भोक पडतं, ते भोक पुढं सरकवत नेऊन मागून भरत यायचं. भोक मोठं झालं तर आत लोंबतं, लहान झालं तर कड तशीच राहते. पंखा लावायचा नाही. वाऱ्यानं गॅस उडाला की जोड फसफसतो. एप्रिलमधल्या शिरोलीत, पत्र्याखाली, पंख्याविना. मेस्त्री मागं स्टुलावर बसून फक्त आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "लांब गेलीस."

याच सुमारास मालकांकडे आलेला एक गिऱ्हाईक माझा रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, बघून खूश झाला. "बायकांचा हात नाजूक असतो, आर्गन त्यांनाच द्यायला पाहिजे." त्यांचा हेतू चांगला होता. पण हे कौतुक फार धोक्याचं. बायकांचा हात नाजूक म्हणजे आर्गन बायकांना, आणि जाड पाइपचं भरणं, उंचावरचं काम आणि त्याचा जास्त पैसा गड्यांना. माझा हात जन्मतः नाजूक नव्हता, बेव्हल घासून घासून बसला होता. मेस्त्री तंबाखू थुंकून म्हणाले, "तिला भराईबी येती." विषय संपला.

आयबीआरची परीक्षा बाष्पके संचालनालयाचे अधिकारी घेतात. मी दिलेली चाचणी सिक्स-जी स्थितीत होती, म्हणजे पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका पक्का बांधलेला, फिरवायचा नाही. तुम्हीच त्याच्याभोवती फिरायचं. सहा इंची, शेड्यूल ८० चा पाइप, भिंत जवळजवळ ११ मिलिमीटर. टॅक मारले की अधिकारी त्यावर खूण ठोकतात, म्हणजे मधेच तुकडा बदलता येत नाही. सुरुवात तळाकडून. पाठीवर झोपल्यासारखं होऊन, मान मागं टाकून, ठिणग्या बाहीत. मग कुशीवर, मग गुडघ्यावर, मग उभं. रूट आर्गननं, वरचे थर ७०१८ नं, आधी अडीच मिलिमीटरचा रॉड, मग त्याहून जाड. प्रत्येक थरानंतर स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली कडक मळी, पूर्ण काढायचा. कोपऱ्यात राहिलेला स्लॅग डोळ्याला दिसत नाही, एक्स-रेच्या फिल्मवर दिसतो. अधिकारी फार बोलले नाहीत. मधेच एकदा विचारलं, "रॉड कुठल्या ओव्हनचे?" स्टोअरमधल्या त्या नोंदवह्यांमुळे मला तापमानासकट उत्तर देता आलं.

नंतर जोडाच्या पट्ट्या कापून प्रेसवर यू आकारात वाकवतात. बाहेरच्या वाकात ३ मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली की नापास. एकेक पट्टी वाकताना बघणं मला झालं नाही, मी बाहेर चहाच्या टपरीवर गेले. मेस्त्रींनी येऊन सांगितलं, "वाकल्या." एवढंच.

पास झालं की वेल्डरला नंबर मिळतो आणि तो तुमच्या प्रत्येक जोडाशेजारी लिहिला जातो. एक्स-रे रात्री काढतात, कारण इरिडियमचा किरणोत्सार असतो. दोरी बांधून शॉप रिकामं करतात, फक्त रेडिओग्राफीवाले आत. सकाळी फिल्म उजेडाच्या खोक्यावर लावून वाचतात. हवेचं भोक काळा ठिपका, स्लॅग वेडीवाकडी काळी रेघ, टंगस्टन तुटून पडला असेल तर लख्ख पांढरा कण. नंबर कुणाचा हे फिल्म वाचणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं. मला तेवढा वेळ फार आवडतो.

आमच्या भागात आयबीआर वेल्डरला मरण नाही ते साखर कारखान्यांमुळे. गाळप संपलं, एप्रिलच्या आसपास, की बॉयलर उघडतात आणि पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत झिजलेल्या नळ्या बदलून, पाण्यानं दाब देऊन, निरीक्षकाकडून पास करून घ्यायचा असतो. भुश्शाच्या राखेनं नळ्या घासून पातळ होतात. मी ठेकेदाराकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, काम हाय, पण ऱ्हायाची सोय न्हाई." पोरं कारखान्याच्या गोदामात वळकट्या टाकून झोपतात. मी तिथल्या वॉचमनच्या बायकोशी बोलले आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत राहिले. हंगामभर. त्या माउलीनं एक पैसा घेतला नाही. तिच्या घराचं गेट मी नवं करून दिलं.

बॉयलरमध्ये जोडामागे पैसे मिळतात. इथं पहिल्यांदा मला गड्याइतकाच दर मिळाला, कारण दर जोडाचा होता. अर्थात जोड वाटणारा माणूसच असतो. सोपे, समोरचे जोड आधी ओळखीच्यांना. मला कोपऱ्यातल्या नळ्या आल्या, जिथं मागची बाजू दिसतच नाही. तिथं आरसा लावून वेल्डिंग करतात. हात आपल्याकडे ओढला की आरशातलं टोक लांब जातं. डोक्याला हे पटायला वेळ लागतो. त्या जोडाला दर चढा असतो. मला छळायला दिलेलं काम असेल कदाचित, पण हंगामाच्या शेवटी हिशेब झाला तेव्हा तक्रार करावीशी वाटली नाही. पुढच्या वर्षी ठेकेदारानं आपणहून फोन केला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की क्वार्टरचं बोलून ठेवलंय.

मूल झालं तेव्हाची एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण कुठल्या पुस्तकात ती अशी मांडलेली मला सापडली नाही. शॉपचं बरंचसं काम एएसएमई या अमेरिकी संस्थेच्या कोडवर, म्हणजे नियमावलीवर, चालतं. त्याच्या नवव्या विभागाप्रमाणे एखाद्या पद्धतीनं सहा महिने वेल्डिंग केलं नाही, तर त्या पद्धतीची पात्रता संपते, पुन्हा चाचणी द्यायची. आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे बरोबर तेवढीच. नियम बायकांविरुद्ध केलेला नाही, पुरुष वेल्डर पाय मोडून घरी बसला तरी तोच लागू. पण रजा पूर्ण घेणाऱ्या बाईला परत येताना नोकरी असते आणि पात्रता नसते. त्यातून पोटुशी असताना धुरात काम नको म्हणून मी काही महिने आधीच थांबले होते. मुदत तोंडावर आली.

यातून वाट मेस्त्रींनीच काढली. मुदतीच्या आत, शॉपच्या देखरेखीखाली, एक जोड मारला तरी सातत्य राहतं. दोन पद्धतींसाठी दोन जोडही नकोत. रूट आर्गननं आणि भरणं रॉडनं केलं की एकातच दोन्ही. डॉक्टरांना विचारलं, धुराचा पंखा आणि मास्क यांची खात्री केली, आणि बाळ सासूबाईंच्या मांडीवर देऊन एका सकाळी शॉपला गेले. जोड मारला, नोंदवहीत तारीख घातली, सही घेतली, घरी आले. हा कागद आता मी प्रत्येक पोरीला आधी दाखवते. लग्न ठरलेल्या, न ठरलेल्या, सगळ्यांना.

सध्या शॉपमध्ये माझ्याशिवाय दोघी आहेत. एक उजळाईवाडीची, एक हातकणंगल्याची. मालकांनी शॉपला लागून स्वच्छतागृह बांधलं, पोरींनी मागितलं म्हणून नव्हे, गिऱ्हाइकाच्या तपासणीत शेरा आला म्हणून. चालतंय. छोट्या मापाचे हातमोजे आता ऑनलाइन येतात.

पुढच्या महिन्यात मला पी-९१ ची चाचणी द्यायची आहे. एका सहवीजनिर्मिती प्रकल्पाच्या मुख्य वाफेच्या लाइनचं काम येतंय आणि त्यात हे पोलाद आहे. हट्टी धातू. दोनशे अंशांच्या वर आधी तापवायचा, पाइपच्या आतूनही आर्गन सोडायचा, नाहीतर रूट आतून जळून खवल्यासारखा होतो; आणि जोड झाल्यावर पुन्हा साडेसातशेच्या आसपास तापवून सावकाश निववायचा. त्याचे तुकडे महाग, भंगारात सहसा मिळत नाहीत. सरावाला मालकांकडे मागितलेत. एका गड्यानंही मागितलेत. पाइप एकच येणार आहे आणि तो अर्धा अर्धा कापायचा की कसं, यावर काल संध्याकाळी दीड तास बैठक झाली. आज पुन्हा आहे.